फिलूबायनं पास न केलेला शब्द

कर्णिकबाई,

परवा गच्चीवर तुमची शोकसभा झाली. सोसायटीचे सेक्रेटरी तुम्हाला 'निःस्वार्थी' म्हणाले, 'विद्यादानाचं पवित्र कार्य' म्हणाले आणि चौथ्या मिनिटाला टँकर दिवसाआड का येतोय यावर घसरले. मग दोन मिनिटं स्तब्धता. ती पुरी झालीच नाही, कारण खाली टँकरचा हॉर्न वाजला आणि निम्मी गच्ची हंडे शोधत जिन्यानं उतरली. पूर्वीची मी असते तर तिथंच तोंड उघडलं असतं. आता तेवढा दम उरलेला नाही. मी मनातल्या मनात म्हणाले, परफंक्टरी. या शब्दाचा अर्थ तुमच्या खोलीत मीच पुठ्ठ्यावर लिहिला होता, 'देवळात घंटा वाजवताना मनगटावरचं घड्याळ बघणं'. तुम्ही तो वाचून हसला नव्हतात. पुठ्ठा उचलून झालेल्या गठ्ठ्यात ठेवलात, बस.

सेक्रेटरींनी फळ्यावर लावायला तुमच्याविषयी चार ओळी मागितल्या. "तुम्ही पत्रकं लिहिता, तुम्हाला काय, हातचा मळ." दिल्या चार ओळी. जन्म, नोकरी, निवृत्ती, निधन. जे त्यात बसत नव्हतं ते इथं लिहितेय. तुम्हालाच लिहितेय, कारण भांडण तुमच्याशी चाललं होतं आणि ते अर्ध्यावर टाकून तुम्ही गेलात.

खरं म्हणजे टाकलं मी. शेवटचे चार महिने मी तुमचा जिना चढले नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं उगाच गोड वाटायचं.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. दादरची खोली विकून आमचं घर मिरा रोडला आलं त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मराठी माध्यम, बी.ए., आणि इंग्रजीपायी तीन मुलाखतींतून परत. त्या रागाला मराठीसाठी, लोकांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका समितीनं हाताशी एक सायक्लोस्टाइल मशीन दिलं. 'इंग्रजीच्या दुकानांना टाळे ठोका' हे माझं पहिलं पत्रक. ते वाटत सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगी पालथ्या घालत होते आणि तुमच्या दारावर पाटी दिसली, 'इंग्रजी शब्द. रोज पाच. पाठांतर चालणार नाही'. म्हटलं, सापडलं दुकान.

तुम्ही पत्रक हातात घेतलंत आणि तिथंच उभ्यानं सगळं वाचलंत. असं कुणी करत नाही. लोक घेतात, घडी करतात, त्यावर भाजी निवडतात.

"'निषेध' नऊ वेळा आलाय," तुम्ही म्हणालात.

"मग? निषेधच करायचाय."

"नवव्यांदा लिहिलास तेव्हा राग होता की हाताला सवय?"

मी म्हटलं, हे साहित्य नाही, सामान्य जनतेसाठी आहे. तुम्ही चष्मा वर केलात. "सामान्य जनता आत बसलीय. वाचून दाखव तिला."

आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाली गावची कोळीण फिलूबाय माशांची पाटी उतरवून बसली होती. मी सभेत वाचतात तसं खणखणीत वाचलं. 'अन्वये', 'तद्वतच', 'षड्यंत्र', सगळं. फिलूबायनं हात पुसले, डोक्यावरचा पदर नीट केला, शेवटपर्यंत मान खाली घालून ऐकलं आणि मग हळूच विचारलं, "कोन मेला?"

तुम्ही चहा टाकायला उठलात. मी त्या घरात परत पाऊल टाकणार नाही असं ठरवून निघाले आणि दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला हजर झाले. जिंकायला आले होते. शिकायला नाही.

तुमची पद्धत बाहेरच्यांना सांगितली की ते हसतात. बाद फायलींचे पुठ्ठे कापून त्यांचे पत्ते केलेले. पुढच्या बाजूला ऑफिसातून निवृत्त होताना आणलेल्या जुन्या मशीनवर टाइप केलेला शब्द. मागची बाजू कोरी. शब्दकोश उघडायला परवानगी, पण त्यातलं उतरवायला बंदी. अर्थ आपल्या शब्दांत लिहायचा आणि अकराला फिलूबाय आली की तिला सांगायचा. तिनं मान हलवून भागायचं नाही. तिनं तो अर्थ स्वतःचं उदाहरण देऊन परत करायचा. तेव्हा तो शब्द पास, आणि तेव्हाच पत्त्याच्या मागे अर्थ सांगणाऱ्याचं नाव. बँकेच्या परीक्षांना बसणारी पदवीधर पोरं एका कोळणीपुढे घाम पुसत बसायची.

त्यांतल्या बिपिननं 'अँबिग्युअस' पंधरा मिनिटं सांगितला होता, अर्धा गुजरातीत, हातवारे करून. फिलूबाय म्हणाली, "म्हंजे गिऱ्हाईक 'बगते' सांगून जातं, तसा?" पास. 'ऑबस्टिनेट'ला, म्हणजे हट्टीला, तिनं नवऱ्याच्या होडीचं इंजिन दिलं. तबस्सुमला 'प्लॉजिबल' आला होता. ती म्हणाली, "झूठ, मगर इस्त्री किया हुआ." फिलूबायनं क्षणभर विचार केला. "म्हंजे बरफातली मासली. वरून ताजी. डोला बग, मंग कलंल." तुम्ही त्या दिवशी पत्त्यावर दोघींची नावं टाइप केलीत.

आणि मला ती सरळ म्हणायची, "या पोरीला सोताला कलला न्हाय, मना काय सांगते." मी चिडायचे. तुम्ही म्हणायचात, "पत्रकबाई, चिडून अर्थ सांगता येत नाही." पत्रकबाई हे नाव तुम्हीच पाडलंत. समितीतल्या पोरांनीही मग तेच उचललं.

एकदा मी तुम्हाला विचारलं, हा कोळणीचा काय हट्ट. इंग्रजी शब्द शिकायचे तर इंग्रजी येणाऱ्याला विचारावं. तुम्ही बराच वेळ पुठ्ठे कापत राहिलात. मग सांगितलंत. फोर्टात सॉलिसिटरच्या ऑफिसात तुम्ही टायपिस्ट म्हणून लागलात तेव्हा तुमचा वेग ऑफिसात सगळ्यांत जास्त होता आणि अर्थ एकाही ओळीचा कळत नव्हता. "बोटांना इंग्रजी यायचं, मला नाही." अकरा वर्षं असं चाललं. मग एक दिवस बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं तुम्हाला मराठी बघून हाक मारली. "ताई, यात काय लिवलंय?" तो कागद सकाळी तुम्हीच टाइप केला होता. एकही चूक नव्हती. तुम्ही म्हणालात, "साहेबांना विचारा." म्हाताऱ्यानं साहेबांना विचारलं नाही. अंगठा लावला आणि काठी टेकत जिना उतरला. त्या संध्याकाळी तुम्ही फुटपाथवरून शब्दकोश घेतलात. पण त्या कागदात काय होतं हे तुम्हाला कधीच कळलं नाही. फाईल दुसऱ्या खात्यात गेली होती.

हे सांगताना तुमचा आवाज बदलला नव्हता. मी मात्र लगेच तावातावानं बोलले होते. ही व्यवस्थाच असली, ही भाषाच लुटारूंची, ती फेकून द्यायला पाहिजे. तुम्ही म्हणालात, "फेक. तू फेकेपर्यंत म्हाताऱ्यानं काय करायचं?"

हे आपलं मूळ भांडण. ते कधी मिटलं नाही आणि आता तुम्ही गेलात म्हणून मी ते मिटलं असं म्हणणार नाही. ज्याच्या पायाखालची वाट आहे त्याला ती राखायला परक्या भाषेतला शब्द का लागावा, हे मला आजही कळत नाही. तुम्ही म्हणायचात, लागू नये. मी म्हणायचे, मग शिकवता कशाला. तुम्ही म्हणायचात, लागतो म्हणून. इथं गाडी अडायची. फिलूबाय पाटी डोक्यावर घेता घेता म्हणायची, "तुमचा चालू द्या, माझी मासली नासते."

आता चेण्याचं.

घोडबंदर रोडच्या कडेला चेणे गावाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. अठरा घरं. खालची जमीन एका कंपनीनं घेतली, आणि पाड्याची विहिरीची वाट त्या जमिनीतून जाते. कंपनीनं कुंपणाचे खांब रोवले तेव्हा आमची समिती आडवी पडली, अक्षरशः खड्ड्यांत बसलो. तहसीलदारांकडे हरकतीचा अर्ज गेला. शेवटी कंपनी नमली असं आम्हाला वाटलं. तडजोडीचा कागद आला. पाड्यानं हरकत मागं घ्यायची, कंपनीनं वाट खुली ठेवायची. कागद इंग्रजीत, दोन पानी.

मी समितीत हट्ट धरला की याचं मराठी झाल्याशिवाय एकही सही होणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मराठी मीच केलं. सरकारी परिभाषेचा कोश घेऊन, प्रत्येक इंग्रजी शब्दाला तोलामोलाचा मराठी शब्द ठेवून. इतका अभिमान मला माझ्या कुठल्याच पत्रकाचा वाटला नव्हता. इंग्रजीत जे जे आहे त्या सगळ्याला आपल्याकडे शब्द आहे, हे मला तुम्हाला दाखवायचं होतं. म्हणून सह्यांच्या आदल्या दिवशी दुपारी दोन्ही कागद घेऊन तुमच्याकडे आले.

तुम्ही इंग्रजीचं पहिलं पान वाचलंत, मग माझं मराठी पहिलं पान. मग म्हणालात, "हे मराठी मला कळत नाही गं."

"कोशातलं आहे."

"असेल. दगड उचलून त्याजागी दगड ठेवलायस. उद्या सकाळपर्यंत दोन्ही ठेव माझ्याकडे. दुसरं पान बघते. अकराला फिलूबायला वाचून दाखवू."

"उद्या नऊला सह्या आहेत, बाई. कंपनीचा माणूस येणार, वकील येणार."

"त्यांना परवा बोलाव."

मी म्हणाले, आणि हे मला शब्दन् शब्द आठवतंय, "तुमचं ते कोळणीकडून पास करून घेणं पोरांच्या परीक्षेपुरतं ठीक आहे. इथं लोकांच्या पाण्याचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणतेय," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्या हातातून कागद काढून घेतले. दुसरं पान तुमच्या अंगठ्याखाली होतं. तुम्ही ओढून धरलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर मी ते मराठी वाचलं. चांगलं वाचलं. बायका पुढं बसल्या होत्या, पुरुष मागं. दुसऱ्या पानावर होतं, 'सदर मार्गाच्या वापराबाबतची प्रतिसंहरणीय अनुज्ञा'. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोमीबाय त्यांच्यातली जाणती, तिनंही डोलावली. मी विचारलं, "समजलं ना सगळ्यांना?" ती म्हणाली, "तू वाचलंस ना, मंग झालं." अठरा घरांचे अंगठे आणि सह्या. माझीही, साक्षीदार म्हणून.

इंग्रजीत तिथं 'रिव्होकेबल' होतं. बाई, हा शब्द मला येत नव्हता असंही नाही. कोशात बघितला होता. समोर 'प्रतिसंहरणीय' दिलं होतं, मी ते उतरवलं आणि मला वाटलं शब्द आला. देणाऱ्याला वाटेल तेव्हा काढून घेता येईल अशी परवानगी, एवढं साधं मराठी मी माझ्या मनाशीसुद्धा केलं नव्हतं. फिलूबायपुढे बसले असते तर पहिल्या वाक्याला अडखळले असते. तिनं मला बघितलं असतं आणि म्हणाली असती, हिला सोताला कलला न्हाय.

दिवाळीनंतर वाटेवर लोखंडी फाटक बसलं. कुलूप लागलं. कंपनीचा माणूस कागद दाखवून म्हणाला, सगळं लिहिलंय, तुमच्याच बाईंनी वाचून दाखवलंय. आमचे वकील म्हणाले, तो शब्द मी बघितला होता, पण तुम्ही समजावलं असेल असं धरून चाललो.

मी काय केलं? पत्रक काढलं. 'विश्वासघात'. दोन्ही बाजूंनी छापलेलं. कंपनी, वकील, तहसील, इंग्रजी भाषा, भांडवलशाही, कुणाला सोडलं नाही. पहिली प्रत घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही नेहमीसारखी पूर्ण वाचलीत, उलटून मागची बाजूही.

"यात तू कुठं आहेस?"

"मी लिहिलंय ना."

"लिहिलंयस. आहेस कुठं?"

मग पत्रक खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "कंपनीनं फसवलं, ते खरं. ते छाप. पण त्या बायकांनी माना कंपनीकडे बघून डोलावल्या नव्हत्या गं. तुझ्याकडे बघून डोलावल्या. जा आणि सांग त्यांना, मला शब्द कळला नव्हता म्हणून."

"समितीचं नाव जाईल. पुन्हा कुणी खड्ड्यात बसायला येणार नाही आमच्याबरोबर."

"मग?"

त्या 'मग'चा मला इतका संताप आला. सगळा राग एका जागी गोळा झाला आणि मी म्हणाले, "तुम्ही अकरा वर्षं टाइप केलंत. तुम्ही गेलात कुठल्या म्हाताऱ्याला शोधायला?"

शेजारच्या खोलीत तबस्सुम आणि बिपिन होते. पुठ्ठे कापायची कात्री थांबली ते मला ऐकू आलं.

तुम्ही म्हणालात, "नाही गेले. म्हणून तुला सांगतेय."

मी चपला पायात घालून निघून गेले.

त्यानंतर एकदा फिलूबाय मला बाजारात भेटली. म्हणाली, "बाय तुला इचारते." मी म्हटलं, काम आहे फार. खोटं नव्हतं ते. मोर्चे होते, शिष्टमंडळं होती. फाटक उघडलं नाही, पण 'विश्वासघात'ची पत्रकं तीनदा छापावी लागली. मला भाषणाला बोलवायला लागले. प्रत्येक भाषणात मी चेणे सांगायचे आणि प्रत्येक वेळी सांगताना एक वाक्य गाळायचे. गाळायची इतकी सवय झाली की आधी दचकायचे, पुढं तेही बंद झालं. तुमच्या गठ्ठ्यात 'इंडिग्नंट' होता. त्यावर तुमच्याच मशीनवर टाइप केलेला अर्थ होता, एकमेव तुम्ही स्वतः लिहिलेला, 'अन्याय बघून येणारा राग. आपली चूक झाकायला येतो तो यात धरत नाहीत.' मी तो वाचून तेव्हा म्हटलं होतं, असला फरक आतून कसा कळणार? तुम्ही म्हणालात, "थकवा कुठून येतो ते बघ." मला वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं.

थकलेय, बाई. मोर्च्यानं नाही.

तुम्ही गेल्याचं मला बिपिननं सांगितलं. तो बँकेत लागला, पहिल्याच प्रयत्नात. पेढे द्यायला तुमच्याकडे गेला तर दाराशी चपला. मी आले तेव्हा तुम्हाला खाली आणत होते. चेहरा बघायला वाकले, पण गर्दीत कुणाचा तरी खांदा मध्ये आला. त्यावर मी काहीही लिहिणार नाही. माझ्याकडे तुमचा चेहरा आहे, पत्रक उलटून मागची बाजू वाचतानाचा. तो पुरे.

तुमचे आभार मानायला हवेत, पण कशाचे मानू हे मला नीट जमत नाहीये. माझी नोकरी तुमच्या शब्दांमुळे लागली नाही, मला नोकरी अजून नाहीच. तुम्ही मला सौम्य केलं असंही नाही. पण आता कुठलाही कागद वाचताना, मराठी असो की इंग्रजी, मी एका ओळीवर थांबते आणि मला कळतं की इथं मला काहीच कळलेलं नाही. पूर्वी मला सगळंच कळायचं. हे तुम्ही केलंत. याला उपकार म्हणायचं की खोडी, ते तुम्हीच ठरवा.

आणि माफी. ती तुमच्याकडे मागायला उशीर झाला. शोकसभेत टँकर आल्यावर गच्ची रिकामी झाली तेव्हा मी तुमच्या फोटोसमोर उभी राहून शब्द जुळवायला लागले. जुळेनात. मग जाणवलं की मी पुन्हा चुकीच्या पत्त्यावर आलेय. माझ्याकडून माफी तुम्हाला नकोच होती. तुम्ही दुसरंच काम सांगितलं होतं.

काल सकाळी चेण्याला गेले. एकटी. समितीत कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांनी अडवलं असतं आणि मला अडवलेलं हवंच होतं.

फाटक तसंच आहे. कुलपाचा उन्हानं रंग उडालाय. सोमीबाय अंगणात पेंढा सोडवत होती. म्हणाली, "ये. मोर्चा हाय का आज?"

"नाही. एक शब्द सांगायला आलेय."

ती हसली. "तुझे शब्द लई जड असतात, पोरी."

मी खाली बसले. म्हटलं, त्या दिवशी वाचलेल्या कागदात 'प्रतिसंहरणीय' असं होतं. त्याचा अर्थ, देणाऱ्याच्या मनात येईल तेव्हा परत घेता येईल असं. वाट दिली होती, पण कायमची नाही. त्यांची मर्जी असेपर्यंत.

सोमीबायनं पेंढा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "म्हंजे नवऱ्यानं घातलेली पाटली. मर्जी हाय तवर हातात."

"हो. तेच."

"एवढंच व्हतं?"

"एवढंच."

"तुला ठावं व्हतं तवा?"

"नाही. मला शब्द कळला नव्हता. कळल्यासारखा वाचला."

"मंग थांबायचं की. सह्या कशाला घेतल्यास?"

"घाई होती."

"आमाला न्हवती," सोमीबाय म्हणाली.

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं मला पाणी दिलं. ते पाणी कुठून आणलेलं आहे हे मला ठाऊक होतं, ओढ्याला वळसा घालून, पलीकडच्या अंगानं. तरी प्यायले, कारण नाही म्हणायची माझी लायकी नव्हती. मग ती म्हणाली, "हे मला एकटीला सांगून चालायचं न्हाय. अंगठे समद्यांचे हायेत. घरटी जा."

"सगळ्यांना इथं बोलावूया का? एकदम सांगते."

"न्हाय. समद्यांत तू भाषान करशील. घरटी जा."

मग गेले. दुसऱ्या घरात एक म्हातारा होता, त्याला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी मी पहिल्यापेक्षा सोपं सांगितलं. पाचव्या घरातली बाई मला म्हणाली, तोंड बघायचं न्हाय तुझं, आणि दार लोटलं. दाराबाहेर उभी राहून उरलेलं सांगितलं. नवव्या घरात त्यांनी विचारलं, आता काय व्हईल? म्हटलं, ठाऊक नाही, वकिलाला विचारते, पण या वेळी त्याचा शब्द मला कळेपर्यंत मी तुमच्याकडे येणार नाही. एका घरात पोरं हसली. एकात कुणी काहीच बोललं नाही आणि तिथून उठणं सगळ्यांत कठीण गेलं. दुपार कलली तेव्हा माझं वाक्य झिजून झिजून इतकं छोटं झालं होतं की त्यात माझ्या समितीला, कंपनीला, इंग्रजीला जागाच उरली नव्हती. त्यांनी वाट दिली ती परत घेता येईल अशी. कागदात तसं होतं. मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

अठराव्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, "पाण्याला गेली. वळसा हाय, येळ लागंल."

मी उंबऱ्याबाहेर बसून राहिले. माझी परतीची बस गेली, ती मला वरून दिसली. उन्हं उतरल्यावर त्या घरची बाई चढण चढून आली, डोक्यावर दोन हंडे, कमरेला एक. मला बघून थांबली नाही. मी कडी काढली. तिनं एकेक हंडा आत नेऊन ठेवला, पदरानं मान पुसली आणि दारात येऊन म्हणाली, "काय गं?"

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.